हनन्याचीं दोन वर्षें

शास्त्रपाठ : यिर्मया, अध्याय २८ व २९



बाबेलच्या राजानें यरुशलेमांतून जे लोक पाडाव करून नेले, त्यांच्याविषयीं दोन संदेष्ट्यांचे दोन निरोप या दोन अध्यायांत एकामागून एक आले आहेत. हनन्या म्हणाला कीं, दोन वर्षांत सर्व कांहीं पूर्ववत् होईल. मंदिराचीं पात्रें परत येतील, राजा परत येईल, पाडाव झालेले सारे लोक परत येतील. लोकांस हा निरोप गोड लागला. कोणास लागणार नाहीं? यिर्मयाचा निरोप मात्र कडू होता. त्यानें बाबेलांतील लोकांस पत्र लिहून कळविलें कीं, परत येणें होईल खरें, पण तें सत्तर वर्षांनीं. तोंवर तेथेंच घरें बांधा, मळे लावा, लेकरांचीं लग्नें करा, आणि ज्या नगरांत तुम्हांस नेलें आहे त्याच्या कल्याणासाठीं प्रार्थना करा.

या पत्रांत शाळेचा उल्लेख नाहीं. परंतु जो मनुष्य घर बांधतो व फळझाड लावितो, तो आपल्या मुलास ओसरीवर रिकामें बसवून ठेवीत नाहीं. हनन्याचें ऐकणारा मात्र तेंच करितो. उद्यां जावयाचें आहे, मग आज पाटी कशाला, असें तो म्हणतो. आणि नवल हें कीं, ज्याच्या दारीं परका आला आहे तो यजमानही तेंच म्हणतो : हे उद्यां जाणार, मग यांच्या मुलांस आमच्या शाळेंत घेऊन काय करावयाचें? दोघांच्याही तोंडून हनन्याच बोलत असतो. मध्यें मूल वाढत असतें. त्याचें वाढणें कोणाच्या सांगण्यानें थांबत नाहीं.

आज आम्ही ज्या मुलांविषयीं मुख्यत्वें लिहीत आहों तीं बांगलादेशांतील कॉक्स बाजार जिल्ह्यांत आहेत. कोणी वाचक म्हणेल, देश परका, मुलें मुसलमानांचीं, आमच्या खेड्यांतल्या मंडळीला त्याचें काय? आपला शेजारी कोण, हें ज्यानें विचारलें त्यास प्रभूनें यरीहोच्या वाटेवर पडलेल्या एका जखमी मनुष्याची गोष्ट सांगितली. ती तुम्हांस पाठ आहे. येथें पुन्हां सांगत नाहीं.

ब्रह्मदेशाच्या, म्हणजे ज्यास आतां म्यानमार म्हणतात त्या देशाच्या, पश्चिमेस राखाइन नांवाचा प्रांत आहे. तेथील रोहिंग्या लोकांस १९८२ च्या कायद्यामुळें नागरिकत्व नाकारलें गेलें. २०१२ सालीं तेथें मोठे दंगे झाले, आणि त्यानंतर सित्त्वे येथील विश्वविद्यालयाचे दरवाजे त्यांच्या मुलांस बंद झाले. कित्येक ठिकाणीं खालच्या शाळांचेही झाले. पुढें २०१७ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस सैन्यानें गांवेंच्या गांवें जाळलीं. थोड्याच महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसें डोंगर व नाफ नदी ओलांडून बांगलादेशांत आलीं. त्यांत निम्म्याहून अधिक मुलें होतीं. १९७८ सालीं व १९९१-९२ सालींही असेच लोंढे आले होते. पण इतका मोठा लोंढा पूर्वीं आला नव्हता.

मुलें आलीं, परंतु मास्तर फारसे आले नाहींत. ज्या समाजास वर्षानुवर्षें शाळेबाहेर ठेविलें, त्यांत शिकविण्याजोगीं शिकलेलीं माणसें कोठून असणार? आम्हां खेड्यांतील लोकांस हें निराळें समजावून सांगावयास नको. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं पहिली शाळा निघाली तेव्हां पहिली अडचण छपराची नव्हती; दोन ओळी वाचून दाखवील असा आपल्यांतला एक मनुष्य मिळण्याची होती. छावणींत ज्यांनीं चार-पांच इयत्ता पाहिल्या होत्या तेच शिक्षक झाले, आणि त्यांच्या जोडीस जवळपासच्या गांवचीं बांगलादेशी तरुण मंडळी घेतलीं गेलीं.

खोल्या बांबूच्या, वर ताडपत्री. पक्की भिंत बांधण्यास सरकारची मनाई, कारण पक्की भिंत म्हणजे पक्का मुक्काम. शाळा हें नांवसुद्धां त्या खोल्यांस दिलें नाहीं, शिक्षण-केंद्र म्हणतात. एका खोलींत सुमारें चाळीस मुलें, दोन-दोन तासांच्या पाळ्या. एक पाळी उठली कीं दुसरी बसते. पावसाळ्यांत टेकड्यांचे उतार खचतात. उन्हाळ्यांत आगी लागतात. २०२१ च्या मार्चमधील मोठ्या आगींत झोपड्यांबरोबर अशीं पुष्कळ केंद्रें जळालीं.

परंतु बांबू व ताडपत्री हें मोठें दुःख नव्हे. झाडाखालीं बसूनही मनुष्य शिकतो. मोठें दुःख भाषेचें आहे. रोहिंग्यांची बोली चितगांवच्या बोलीशीं इतकी मिळती आहे कीं बाजारांत दोघांस एकमेकांचें बोलणें पुष्कळसें कळतें. तरीही बंगाली भाषेंत शिकविण्यास व बांगलादेशाचा अभ्यासक्रम चालविण्यास मनाई झाली. हेतु हा कीं, मुलांनीं येथें मूळ धरूं नये. जुन्या निर्वासित कुटुंबांतील जीं मुलें नांव न सांगतां स्थानिक शाळांत शिरलीं होतीं, त्यांस २०१९ च्या आरंभीं शोधून काढून टाकण्यांत आलें. वर्गांत पहिला आलेला मुलगा असो कीं शेवटचा, घरचा पत्ता छावणीचा निघाला कीं पुरे.

येथें यजमानास दोष देण्याची घाई आपण करूं नये. बांगलादेश हा दाट वस्तीचा व गरीब देश. तरी सीमा उघडी ठेवून त्यानें इतक्या माणसांस आंत घेतलें. १९७१ सालीं त्याच देशाचे सुमारें एक कोटी लोक निर्वासित होऊन भारतांत आले होते, तें दुःख त्याच्या स्मरणांत आहे. आणि बोजा पडतो तो राजधानीवर पडत नाहीं, गांवावर पडतो. उखिया व टेकनाफ या दोन तालुक्यांत पाहुणे यजमानांपेक्षां अधिक झाले. जंगल तुटलें, मजुरी उतरली. स्थानिक शाळांच्या कांहीं इमारतींत प्रथम सैनिक व मदतीचें सामान उतरलें, आणि गांवच्या शाळेंतील कित्येक शिक्षक व वरच्या वर्गांतले विद्यार्थी अधिक पगारासाठीं मदत-संस्थांच्या नोकरीस गेले. म्हणजे पाहुण्याच्या मुलाची शाळा उघडतांना यजमानाच्या मुलाची शाळा ओस पडूं लागली. अशा वेळीं गांवकऱ्याच्या मनांत कडवटपणा आला तर तो दुष्ट आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. आमचें मत असें कीं, निर्वासित मुलांसाठीं जेथें एक खोली उभी राहील तेथें गांवच्या शाळेसही एक खोली मिळाली पाहिजे. युगांडा देशांत धोरणच असें आहे; तेथें दोघांचीं मुलें एका वर्गांत बसतात व बाहेरून येणाऱ्या मदतीचा वांटा गांवासही मिळतो. एकेका वर्गांत शंभराहून अधिक मुलें दाटतात हें खरें, पण हजेरीपट एकच असतो.

२०२० च्या जानेवारींत बांगलादेश सरकारनें एक पाऊल पुढें टाकिलें. म्यानमारचा अभ्यासक्रम छावणींत चालविण्यास परवानगी दिली. दोन महिन्यांतच करोनाची सांथ आली व केंद्रें दीड वर्ष बंद राहिलीं. २०२१ च्या अखेरीस त्या अभ्यासक्रमाचा आरंभ झाला, आणि २०२३ च्या जुलैंत नवें वर्ष सुरू झालें तेव्हां सुमारें तीन लाख मुलें त्यांत होतीं. मोठ्या मुलींस घराबाहेर पाठविण्यास आईबाप कचरतात, म्हणून त्यांच्या निराळ्या पाळ्या ठेविल्या. ही गोष्ट देवाचे आभार मानण्याजोगी आहे. पण तो अभ्यासक्रम ब्रह्मी भाषेंतला, आणि ब्रह्मी त्या मुलांच्या घरीं कोणी बोलत नाहीं. शिवाय ज्या सरकारचीं हीं पुस्तकें, तें सरकार त्या मुलांस आपलें म्हणत नाहीं. त्याच्या सहीचें प्रमाणपत्र कोणाच्याही हातीं आलें नाहीं. यजमानाची पुस्तकें बंद, आणि मायदेशाचीं पुस्तकें उघडीं पण शेवटचें पान कोरें.

मग २०२५ साल उजाडलें. परदेशांतून येणारा पैसा आटला. जूनमध्यें हजारों केंद्रें बंद ठेवावीं लागलीं, आणि सुमारें बाराशें बांगलादेशी शिक्षकांची नोकरी गेली. हे शिक्षक यजमान गांवांतले. ते रस्त्यावर येऊन न्याय मागूं लागले. पाहुण्याच्या मुलाची पाटी फुटली तेव्हां यजमानाच्या चुलीवरचें भांडेंही उतरलें. यिर्मयानें बाबेलांतील लोकांस लिहिलें होतें कीं, त्या नगराच्या कल्याणांतच तुमचें कल्याण आहे. या जूनमध्यें त्याच वचनाची दुसरी बाजू दिसली.

केवळ अनोळखी भाषेमुळेंच मूल अडतें असें कोणास वाटेल, म्हणून लेबानोन देशाचें एक उदाहरण देतों. आपल्या शास्त्रांत ज्या गंधसरूंचें वर्णन आहे त्यांचाच तो देश. शेजारच्या सूरिया देशांत २०११ सालीं युद्ध पेटलें; २०१४ पर्यंत तेथून आलेल्या नोंदलेल्या निर्वासितांची संख्या लेबानोनांत दहा लाखांवर गेली. तेथील सरकारनें सरकारी शाळांत दुपारची दुसरी पाळी सुरू केली. सकाळीं गांवचीं मुलें, दुपारीं परक्यांचीं. दोन्ही देशांची बोली अरबी. परंतु सूरियांत गणित व शास्त्र अरबींत शिकवीत, आणि लेबानोनांत तेंच फ्रेंच किंवा इंग्रजींत. अरबी बोलणारें मूल अरबी बोलणाऱ्या देशांत आलें, आणि गणिताच्या पुस्तकापुढें मुकें झालें. त्यांत मागील इयत्तेचे कागद घरासकट जळालेले, बसचें भाडें बापास परवडेना, आणि दहा-बारा वर्षांचा मुलगा शेतांत गेला तर चार पैसे येणारे. अशीं मुलें एक-एक करून शाळेंतून गळालीं.

कागदांची गोष्ट निघाली, तेव्हां आम्हांस आमची स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगण्यास आनंद वाटत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही ज्या गांवीं होतों तेथील ओढ्यापलीकडे वीटभट्टी लागत असे. दुसऱ्या प्रांतांतून कामकरी कुटुंबें येत व पावसापूर्वीं जात. ते निर्वासित नव्हते. पोटामागें आलेले लोक होते. एके दिवशीं एक बाप आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीस घेऊन शाळेच्या पायरीशीं उभा राहिला. मुलीच्या पायांस राखेचा थर होता, आणि केस मात्र नीट विंचरून वेणी घातलेली. गुरुजींनीं दाखला विचारला. दाखला नव्हता. गुरुजींनीं आमच्याकडे पाहिलें, कारण शाळेच्या कारभारांत आमचा शब्द चालत असे. आम्ही म्हणालों, हीं माणसें वैशाखांत जाणार. पटावर नांव घातलें तर पुढें गैरहजेरी लागेल, वरून विचारणा होईल. तो बाप कांहीं न बोलतां वळला. मुलगी मागें वळून वर्गाच्या दाराकडे पाहत गेली. त्या रविवारीं आम्हीं कोणत्या वचनावर उपदेश केला हें आतां आठवत नाहीं. पण हनन्या कोणाच्या तोंडून बोलला होता हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे.

आतां आपल्याच महाराष्ट्रांतील एका छावणीकडे वळूं. कोल्हापुराजवळ वळिवडे येथें १९४३ सालीं पोलंड देशांतील सुमारें पांच हजार निर्वासितांची वसाहत झाली. बहुतेक बायका व मुलें. १९४०-४१ सालीं सोविएत सरकारनें त्यांस घरांतून उचलून सैबेरिया व मध्य आशियांत नेलें होतें. तेथून इराणमार्गें तीं हिंदुस्थानांत पोहोंचलीं. पुष्कळ मुलें पोरकीं झालेलीं, उपासानें व तापानें खंगलेलीं, दोन-तीन वर्षें पाटीस हात न लागलेलीं. वळिवड्यास त्यांच्यासाठीं प्राथमिक शाळा, वरची शाळा व धंदेशिक्षणाचे वर्ग निघाले. बालवीरांचीं पथकेंही होतीं. भाषा पोलिश, खर्च लंडनमध्यें असलेल्या पोलिश सरकारचा. त्या लोकांसही वाटत होतें कीं युद्ध संपलें कीं घरीं. १९४५ सालीं युद्ध संपलें. पण त्यांपैकीं बहुतेकांचीं गांवें सोविएत राज्यांत गेलीं होतीं, आणि ब्रिटिश सरकारनें लंडनच्या त्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. पुष्कळ जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत गेले.

जें घर डोळ्यांपुढें ठेवून शिकविलें तें घर पुष्कळांस मिळालें नाहीं. तरी शिकविलेलें वायां गेलें नाहीं, कारण तें अर्धवट शिकविलें नव्हतें. इयत्ता होत्या, परीक्षा होत्या, शिकलेले शिक्षक होते. तोंडानें ते हनन्याचें बोलत असतील. हातानें मात्र यिर्मयाच्या पत्राप्रमाणें करीत होते. त्यांच्यापाठीं एक सरकार उभें होतें, रोहिंग्यांच्या पाठीं कोणतेंच नाहीं, हा फरक आम्ही विसरत नाहीं. वळिवड्याच्या त्याच जागेंत फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित राहूं लागले. आजचें गांधीनगर तें हेंच. एक निर्वासित गेला तों दुसरा आला. जागा तीच, मुलें निराळीं.

मग परक्या मुलास कोणत्या भाषेंत शिकवावें? आपल्या भाषेंत शिकविलें तर तें आपलें घर विसरेल. त्याच्या भाषेंत शिकविलें तर तें या देशांत पोट कसें भरील? हा वाद आजचा नव्हे. मोशेचें लहानपण पाहा. फारोच्या कन्येनें त्यास नदींतून काढलें, परंतु दूध पाजण्यास त्याची स्वतःची आई ठेविली गेली, आणि तीही वेतन देऊन. पुढें तो राजवाड्यांत मिसरी लोकांची सर्व विद्या शिकला, असें स्तेफनानें आपल्या भाषणांत सांगितलें आहे. आईचें दूध व फारोची पाटी, दोन्ही त्यास मिळालीं. एक नसतें तर त्यास आपल्या लोकांचें कण्हणें कळलें नसतें. दुसरें नसतें तर फारोपुढें उभें राहून बोलतां आलें नसतें. आणि खर्च फारोच्या घरचा होता, हें ध्यानांत ठेवावें.

भारतांत तिबेटी मुलांच्या बाबतींत बरेंचसें असेंच झालें. १९५९ सालीं दलाई लामा व त्यांचे लोक येथें आले. १९६० सालीं मसुरीस पहिली शाळा निघाली, आणि १९६१ सालीं भारत सरकारनें तिबेटी शाळांसाठीं निराळें मंडळ स्थापिलें. मुलें तिबेटी भाषा शिकलीं, हिंदी व इंग्रजीही शिकलीं, आणि परीक्षा मात्र भारतांत मान्य असलेली दिली. आपल्या गोंदिया जिल्ह्यांत नॉर्ग्येलिंग नांवाची तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. पूर्व विदर्भांतील वाचकांस ती ठाऊक असेल. पासष्टाहून अधिक वर्षें लोटलीं, परत जाणें झालें नाहीं. पहिल्या दिवशीं कोणीं दोन वर्षांचा हिशेब धरून पटच काढला नसता, तर आज त्या मुलांचीं नातवंडें काय करीत असतीं?

१९५१ च्या जिनीव्हा करारांत असें कलम आहे कीं, प्राथमिक शिक्षणाच्या बाबतींत निर्वासिताच्या मुलास देशाच्या मुलाप्रमाणेंच वागवावें. भारतानें व बांगलादेशानें त्या करारावर सही केलेली नाहीं. तरी तिबेटी मुलांची शाळा सहीवांचून निघाली. कागद नसतांना दार उघडतां येतें, आणि कागद असतांना लावूनही घेतां येतें, हें दोन्ही आपण पाहिलें.

कॉक्स बाजाराच्या छावणींत २०१७ सालीं जें मूल सहा वर्षांचें होतें, तें २०२५ च्या जूनमध्यें केंद्राचें दार लागलें तेव्हां चौदा वर्षांचें होतें. हनन्याचीं दोन वर्षें तोंवर चार वेळां होऊन गेलीं होतीं. मंडळींच्या सार्वजनिक प्रार्थनेंत आजारी, विधवा व प्रवासी यांच्याबरोबर या मुलांचें नांव घ्यावें, आणि त्यांच्या यजमानांचेंही घ्यावें, अशी आमची गुरुजींस व उपदेशकांस विनंती आहे. नाताळाच्या दिवसांत जेव्हां योसेफ व मरीया बाळकास घेऊन रात्रीं मिसराकडे निघालीं ही कथा वाचाल, तेव्हां मुलांस एवढें विचारा कीं, मिसरांतल्या शेजारच्या मुलांबरोबर तें बाळक कोणत्या भाषेंत खेळूं लागलें असेल. शास्त्र तें सांगत नाहीं. मुलें मात्र बरेंच कांहीं सांगतील.

त्या वीटभट्टीविषयीं राहिलें. पुढल्या वर्षीं दिवाळीनंतर भट्टी पुन्हां लागली, तेव्हां आम्ही व गुरुजी हजेरीपट घेऊन ओढा उतरून गेलों. तो बाप व ती मुलगी त्या सालीं आलीं नव्हतीं. मुकादमास त्यांचा ठिकाणा ठाऊक नव्हता. दुसऱ्या कुटुंबांतलीं सात मुलें होतीं. गुरुजींनीं विटांच्या थप्पीवर पट ठेवून त्यांचीं नांवें लिहिलीं, आणि दाखल्याचा रकाना कोरा सोडला.